लाकडी पायांचा डौल

१९९८ साली लंडनच्या एका फॅशन-प्रदर्शनात वेशकार अलेक्झांडर मॅक्वीन यांनी एमी मलिन्स या धावपटू तरुणीला मॉडेल म्हणून उतरवले. वर्षाची असतानाच तिचे दोन्ही पाय गुडघ्यांखाली कापावे लागले होते. अ‍ॅश लाकडाच्या कोरीव पायांवर ती अशा डौलात चालली, की कित्येकांना ते उंच बूटच वाटले. कारागिरी म्हणून हे यश निर्विवाद. पण व्यंग दिसले नाही, म्हणून तर ते गोड वाटले नाही ना?

त्याच महिन्यात मॅक्वीन ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ मासिकाचे पाहुणे संपादक होते. त्या अंकात तिची व इतर अपंगांची छायाचित्रे उघडपणे झळकली. आम्हांला हेच पाऊल मोठे वाटते. सौंदर्याने व्यंगावर पांघरूण घालू नये. अपंगांचे पान आपल्या पंगतीत मांडावे, आणि तेही केवळ सणापुरते नव्हे, रोजचे!