न पाहिलेल्या जगाचा चितारी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पाटावर जी तसबीर मांडतो, ती कोणाची, असे विचारले तर घरातील लहान मूलही 'लक्ष्मीची' असे सांगेल. पण कमळावर उभी राहिलेली, चार हातांची, जरीकाठी साडी नेसलेली ती लक्ष्मी पाहिली कोणी? ती पाहिली राजा रविवर्म्याने, आणि तीही मनात. १८९४ साली त्याने मुंबईत शिळाछापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या रंगीत चित्रांनी देवांचे चेहरे घरोघर ठरवून टाकले. आज डोळे मिटून सरस्वती आठवावयाची म्हटली, तरी आपल्या डोळ्यांपुढे पुष्कळदा त्या छापखान्यातील सरस्वतीच येते. जे कोणी पाहिले नाही त्याला रूप देणे, आणि तेच खरे रूप अशी साऱ्या समाजाची खात्री पटविणे, ही चित्रकाराच्या हातून घडणारी फार मोठी, आणि म्हणूनच फार जोखमीची गोष्ट आहे.

गेल्या शतकात अशीच गोष्ट आकाशाच्या बाबतीत घडली. ती घडविणाऱ्या अमेरिकन चित्रकाराचे नाव चेस्ली बोनस्टेल. हे नाव मराठी वाचकांच्या फारसे परिचयाचे नाही; पण त्याने उभे केलेले देखावे मात्र परिचयाचे आहेत. काळ्याभोर आकाशाखाली सुळक्यासुळक्यांचे पांढरे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी शेपटीवर उभे असलेले निमुळते यान, आणि त्याच्याजवळ मुंगीएवढी माणसे, हे चित्र कोणी पाहिले नाही? चंद्राचे चित्र काढा म्हटले की माझ्या वर्गातील मुले आजही चंद्रावर सुळके काढतात. त्यांना कोणी बोनस्टेल शिकविलेला नाही. सिनेमातून, चित्रकथांतून, पुस्तकांच्या वेष्टनांवरून तो झिरपत झिरपत नारायण पेठेतल्या चौथीच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचला आहे. आता अडचण एवढीच, की चंद्रावर तसे सुळके नाहीत. तेव्हा ह्या चित्रकाराला थोर म्हणावयाचे, की त्याने आपल्याला फसविले असे म्हणावयाचे? माझ्यापुढे हा प्रश्न केवळ रसिकाचा नाही, मास्तराचाही आहे.

आधी त्याच्या आयुष्याकडे पाहू. १ जानेवारी १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरी त्याचा जन्म झाला. सतराव्या वर्षी, १९०५ साली, तो जवळच्या डोंगरावरील लिक वेधशाळेत गेला आणि तेथील दुर्बिणीतून त्याने चंद्र व शनी पाहिला. घरी आल्यावर त्याने शनीचे चित्र काढले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९०६ मध्ये, त्या शहरात मोठा भूकंप झाला, पाठोपाठ आगी लागल्या, आणि त्यांत ते चित्र जळून गेले. ह्या चित्राकडे तो पुन्हा वळला तो जवळजवळ चाळीस वर्षांनी.

मधल्या काळात त्याने पोटासाठी जे केले ते वरवर पाहता ह्या विषयाशी असंबद्ध वाटेल. कोलंबिया विद्यापीठात तो वास्तुशास्त्र शिकू लागला, पण शिक्षण पुरे न करताच बाहेर पडला. मग वास्तुशिल्पज्ञांच्या हाताखाली त्याने वर्षानुवर्षे चित्रे काढली. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीच्या कामात त्याचा हात होता. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ साली खुला झाला. तो पूल कसा बांधला जाईल व कसा दिसेल हे लोकांना कळावे म्हणून आधी जी चित्रे काढण्यात आली, ती काढणारांत बोनस्टेल होता. पन्नाशीला आल्यावर तो हॉलिवूडमध्ये शिरला. सिनेमात एखादा वाडा किंवा अख्खे शहर उभारणे परवडत नाही, तेव्हा त्या काळी ते काचेवर रंगवीत आणि खऱ्या दृश्याशी बेमालूम जोडीत. १९३९ सालच्या 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम' ह्या चित्रपटातील जुने पॅरिस आणि १९४१ सालच्या 'सिटिझन केन'मधील काही देखावे ह्यांसाठी त्याने हेच काम केले.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की हा माणूस जन्मभर एकच काम करीत होता. न बांधलेली इमारत, न झालेला पूल, नसलेले शहर ही सारी तो, जणू ती समोर आहेत अशी, काढीत होता. पुलाच्या चित्रात कल्पनेचे पंख पसरून चालत नाही. कमान किती उंच, पाण्यावरून ती कोणत्या कोनातून दिसेल, हे मोजावे लागते. ती मोजण्याची सवय घेऊन तो आकाशाकडे परतला.

मे १९४४ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्याची शनीची चित्रे प्रसिद्ध झाली. शनीच्या निरनिराळ्या चंद्रांवर उभे राहिले असता शनी कसा दिसेल, अशी ती मालिका. तिच्यातील टायटनवरून दिसणारा शनी सर्वांत गाजला. टायटन शनीपासून सुमारे १२ लाख किलोमीटरांवर आहे आणि शनीचा व्यास सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर आहे. गणितात मी मॅट्रिकपलीकडे गेलो नाही, तरी एवढ्यावरून टायटनच्या आकाशात शनी आपल्या चंद्राच्या सुमारे अकरा पट रुंद दिसेल, हे मलाही काढता येते. हात लांब करून तीन बोटे जुळवून धरावीत, त्यांच्याहून किंचित मोठा. मिमास ह्या जवळच्या चंद्रावरून मात्र तोच शनी कितीतरी मोठा दिसेल. बोनस्टेलने हे सारे मोजून काढले. टायटन जवळजवळ कड्यांच्याच पातळीत फिरतो, म्हणून तेथून कडी रुंद दिसावयाची नाहीत, एक बारीक रेघ तेवढी दिसेल. दुसऱ्या एखाद्या चित्रकाराला कड्यांचा थाट दाखविण्याचा मोह आवरला नसता. ह्याने रेघच काढली, आणि त्या संयमामुळेच ते चित्र खरे वाटते.

त्याच्या कामाची पद्धतही सांगण्याजोगी आहे. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, तद्वत तो आधी परक्या ग्रहाच्या भूमीचा लहानसा नमुना तयार करी, त्यावर एकाच बाजूने उजेड पाडी, त्याचे छायाचित्र घेई, आणि मग त्याच्या आधारे रंगकाम करी. कुंचल्याचा फटकारा कोठेही दिसू नये अशी त्याची काळजी. परिणाम असा होई की पाहणाराला हे चित्र आहे ह्याचाच विसर पडे.

१९४९ साली विली ले ह्या लेखकाच्या मजकुरासह 'द कॉन्क्वेस्ट ऑफ स्पेस' हे त्याचे चित्रमय पुस्तक निघाले. पुढल्या वर्षी 'डेस्टिनेशन मून' हा चित्रपट आला. त्यातील चंद्रभूमी त्याच्या चित्रांवरून उभारलेली होती. चित्रपटाच्या कलादिग्दर्शकाने त्या भूमीवर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा दाखविल्या, तेव्हा बोनस्टेल नाराज झाला. भेगा म्हणजे चिखल, आणि चिखल म्हणजे पाणी; चंद्रावर पाणी कोठले? १९५२ ते १९५४ ह्या काळात 'कॉलियर्स' साप्ताहिकाने अंतराळप्रवासावर लेखमाला छापली. लेखकांत प्रमुख होता वेर्नर फॉन ब्राउन, आणि मुख्य चित्रे बोनस्टेलची. फॉन ब्राउन यानाची रेखाटने पाठवी, आणि चित्रकार त्यांतील चुका दाखवून ती परत करी! पुढे ज्याच्या अग्निबाणाने माणूस चंद्रावर गेला, त्याची वही हा चित्रकार मास्तरासारखी तपाशीत होता. पहिला स्पुटनिक उडाला १९५७ साली. त्याआधी पाच वर्षे लाखो घरांतून लोकांनी अंतराळयान पाहिलेले होते. करदात्यांच्या पैशाने चंद्रावर जावयाचे तर आधी करदात्याच्या मनात ती वाट उजळावी लागते. ते काम ह्या चित्रांनी केले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

येथवर स्तुती झाली. आता दुसरी बाजू.

२० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला आणि तेथील छायाचित्रे आली. त्यांत सुळका नव्हता. होत्या त्या मऊ, गोलवट टेकड्या, जणू कोणी हाताने थोपटून बसविलेल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले, तेव्हा विक्रमने पाठविलेल्या चित्रांतही जवळपास सपाट, लहानमोठ्या खळग्यांची भूमीच दिसली. मग बोनस्टेलचे सुळके कोठून आले?

समजूत अशी होती की चंद्रावर वारापाऊस नाही, म्हणून तेथे झीज नाही, म्हणून डोंगर धारदारच राहणार. तर्क ऐकावयास सरळ आहे. पण आपल्या सह्याद्रीकडे पाहिले की त्यातील फोल कळते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा नाणेघाटातला नानाचा अंगठा हे धारदार का? लाव्हाच्या थरावर थर साचून झालेले हे पठार पाण्याने चिरले, कापले, कोसळविले, म्हणून. कडे पाणीच घडविते. जेथे पाणी नाही तेथे कडे कोरणारा कारागीरच नाही. उलट कोट्यवधी वर्षे बारीकसारीक उल्कांचा मारा होऊन उंचवट्यांची टोके बोथट होतात. शिवाय दुर्बिणीतून चंद्र पाहताना सावल्या फसवितात. तिन्हीसांजेला पर्वतीच्या पायऱ्यांवर पाच फुटांच्या माणसाची सावली पंचवीस फूट पडते, तशीच चंद्रावरच्या साध्या टेकडीची सावली उतरत्या उन्हात भाल्यासारखी लांबते.

आणि हे सारे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते, असेही नाही. ल्युसिएँ रुदो हा फ्रेंच चित्रकार १८७४ साली जन्मला. त्याची स्वतःची वेधशाळा होती. चंद्राच्या कडेवर डोंगर आडव्या नजरेने दिसतात, तेथे सावल्या फसवीत नाहीत. ती कड त्याने पाहिली, तर ती गोलवट आढळली. म्हणून त्याने चंद्राचे डोंगर गोलवट रंगविले. त्याचे ह्या विषयावरील मोठे पुस्तक १९३७ सालचे, म्हणजे बोनस्टेलच्या शनीपूर्वी सात वर्षांचे. खरे रंगविणारा रुदो मागे पडला आणि चुकीचे रंगविणारा बोनस्टेल जगाच्या डोळ्यांत जाऊन बसला.

असे का व्हावे? माझ्या मते उत्तर बोनस्टेलच्या चित्रांच्या मांडणीतच आहे. टायटनच्या चित्रात दोन्ही बाजूंना बर्फाळ कडे आहेत आणि मध्ये, देवघराच्या महिरपीत मूर्ती ठेवावी तसा, शनी ठेवला आहे. ही वास्तुशिल्पकाराची नजर आहे. गोष्ट उभी करावयाची तर उंची हवी, चौकट हवी, पाहणाराने मान वर केली पाहिजे, हे तो तरुणपणीच शिकला होता. शनीचा आकार त्याने गणिताने काढला, पण जमीन काढताना त्याने भव्यतेची आपली हौस भागविली. जे मोजता येत होते तेथे तो खरा ठरला. जे मोजता येत नव्हते तेथे त्याने पृथ्वीवरचे देखणे डोंगर उचलून नेले. टायटनचे निळे आकाशही असेच गेले. त्या चंद्राभोवती दाट नारिंगी धुके आहे, हे १९८० साली व्हॉयेजर-१ ने दाखविले, आणि १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान तेथे उतरले तेव्हा नारिंगी उजेडात गोटेच गोटे दिसले. तेथे उभ्या राहिलेल्या माणसाला साध्या डोळ्यांनी शनी दिसावयाचाच नाही.

बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयासाठी त्याने काढलेले चाळीस फूट लांबीचे चंद्राचे भित्तिचित्र १९५७ साली लागले आणि १९७० साली उतरविण्यात आले. चंद्र आता तसा राहिलेला नव्हता. बोनस्टेल तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा होता. ११ जून १९८६ रोजी, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, तो वारला. म्हणजे आपले जग खोटे ठरलेले पाहण्याइतके आयुष्य त्याला लाभले. रविवर्म्याच्या लक्ष्मीवर हा प्रसंग कधी यावयाचा नाही, कारण तेथे जाऊन छायाचित्र घेऊन येणारे यान नाही. ज्या चित्राची परीक्षा होऊ शकते असे चित्र काढण्यास निराळे धैर्य लागते, आणि ते बोनस्टेलजवळ होते.

ते भित्तिचित्र मोडीत गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वायु व अंतराळ संग्रहालयाने ते जतन केले. तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. चुकीचे ठरलेले चित्र जाळावयाचे नसते. त्याच्याशेजारी खरे चित्र टांगावयाचे असते. पुण्याहून नारायणगावच्या वाटेने खोडदला गेले की ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. त्या ३० तबकड्यांना जे कळते ते रेडिओलहरींत. डोळ्यांना दिसेल असा रंग त्यांत नसतो. त्या आकड्यांचे चित्र करावयाचे तर रंग माणसानेच निवडावा लागतो. म्हणजे बोनस्टेलचे काम संपलेले नाही, आणि त्याचा मोहही संपलेला नाही. आजही आपल्यापुढे येणाऱ्या दीर्घिकांच्या नेत्रदीपक चित्रांत मोजलेले किती आणि हौसेचे किती, हे विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे.

म्हणून मी माझ्या वर्गात बोनस्टेलचा चंद्र लावावा असे म्हणतो, त्याच्याशेजारी रुदोचा, आणि तिसरे विक्रमने पाठविलेले छायाचित्र. ह्या सुटीत अंगणात किल्ला झाल्यावर उरलेल्या मातीचा घरातील मंडळींनी एक चंद्रही करून पाहावा. किल्ल्यावर झारीने पाणी सोडावे, म्हणजे घळी पडतील आणि कडे ढासळून उभे राहतील. चंद्रावर मात्र पाणी न घालता कोरडी माती चिमटीने वरून सोडीत राहावे, खडे टाकावेत, आणि रात्री एका पणतीच्या उजेडात दोन्हींच्या सावल्या पाहाव्यात. बोनस्टेल कोठे चुकला ते त्यावरून मुलांना कळेल. आणि त्या सावल्या पाहताना ती जर गप्प झाली, तर तो का मोठा होता, हेही समजावून सांगावे लागणार नाही.