आलीशानची गाडी आणि पाठ्यपुस्तकातला धडा

'आलीशान' हा शब्द आमच्या उर्दू शाळेतल्या पोरांना लवकर भेटतो. आलीशान महल, आलीशान दरवाजा, आलीशान दावत. तैवान बेटावर आलीशान नावाचा एक डोंगर आहे असे सांगितले, तर ती आधी एखादी इमारतच डोळ्यांसमोर आणतील. तिकडच्या भाषेत 'शान' म्हणजे डोंगर. उरला 'आली'. गंमत अशी की, अलीबाबातला 'अली' चिनी लिपीत लिहायचा झाला तर याच डोंगराच्या नावातली दोन अक्षरे वापरतात. यावरून कोणी नाते जोडू नये. उच्चारांचा खेळ आहे, इतकेच.

या डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेविषयी लिहिणारे बहुतेक लोक धुके, सूर्योदय आणि चहाचे मळे यांच्यापलीकडे जात नाहीत. आम्हाला मात्र त्या गाडीबरोबर वर चढलेल्या एका गोष्टीची समीक्षा करायची आहे. ती गोष्ट तीन पिढ्यांच्या मुलांनी शाळेत धडा म्हणून वाचली. आणि ज्यांच्याविषयी तो धडा होता, त्यांच्या मुलांनीही तो त्याच वर्गात बसून वाचला.

आधी गाडी. चियायी हे पश्चिमेकडच्या सपाटीवरचे शहर, समुद्रसपाटीपासून जेमतेम ३० मीटर उंच. तिथून निघालेला रूळ ७१ किलोमीटरांच्या आसपास अंतर कापत २,२१६ मीटरवरच्या आलीशान स्थानकात पोचतो. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे कुर्डुवाडी-बार्शीकडे १८९७ साली सुरू झालेल्या आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे होते तेवढेच. खाली ताड आणि केळी, मध्ये बांबू आणि चहा, वर देवदारासारखे उंच सायप्रस. एका दिवसात तीन हवामाने खिडकीतून सरकतात. दूलीशान नावाच्या टेकडीला गाडी गोल गोल वेढे घालत चढते आणि मागे टाकलेले स्थानक खाली पुन्हा पुन्हा दिसत राहते. त्याच्याही वर वेढ्यांना जागा नाही, तिथे गाडी कड्यापर्यंत पुढे जाते, थांबते, सांधा बदलते आणि उलटी चढू लागते. याला तिथले लोक 'भिंतीला धडकणे' अशा अर्थाचा शब्द वापरतात. अर्ध्या वाटेवरच्या फेनछीहू स्थानकावरचा भाताचा डबा प्रसिद्ध आहे. पूर्वी इथे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून आणलेली 'शे' जातीची वाफेची इंजिने होती. त्यांचे सिलिंडर एका बाजूला उभे बसवलेले आणि चाके दातेरी चक्रांनी फिरणारी. वेग बैलगाडीला लाजवील असा नव्हता, पण चढ सोडत नसत. इंजिन गाडीच्या उताराकडच्या टोकाला जोडलेले असे. म्हणजे ते डब्यांना ओढत नसे, खालून ढकलत असे.

ही सगळी करामत प्रवाशांसाठी नव्हती. १८९५ साली तैवान जपानच्या ताब्यात आले आणि त्याच वर्षी नव्या सरकारने नियम काढला की, ज्या रानावर मालकीचा कागद नाही ते रान सरकारचे. डोंगरात राहणाऱ्या त्सोउ लोकांकडे शिकारीच्या वाटा होत्या, कुळांच्या हद्दी होत्या, पूर्वजांची नावे दिलेल्या जागा होत्या. कागद नव्हता. आपल्याकडच्या वनकायद्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. थोड्याच वर्षांत वरच्या प्रचंड सायप्रसच्या जंगलाचा शोध लागला. शोध लागला म्हणजे सरकारला लागला. १९०६ साली एका जपानी कंपनीने रूळ टाकायला घेतले. तिला खर्च झेपला नाही. १९१० मध्ये सरकारने काम स्वतःकडे घेतले, १९१२ मध्ये गाडी जंगलाच्या उंबरठ्यावर पोचली आणि १९१४ मध्ये ऐन जंगलात.

आता गोष्ट. अठराव्या शतकात चिनी राजवटीचा वू फेंग नावाचा एक दुभाषा त्सोउ आणि चिनी वसाहती यांच्यामध्ये काम करत होता. धड्यात तो असा येतो : त्सोउ लोक माणसांची डोकी मारतात. वू फेंग त्यांना समजावतो, जुनी डोकी पुरवून पुरवून त्यांना वर्षानुवर्षे थोपवतो. शेवटी ते ऐकेनात, तेव्हा तो सांगतो, उद्या लाल झगा घातलेला माणूस येईल, त्याला मारा. दुसऱ्या दिवशी ते मारतात आणि चेहरा पाहतात तो खुद्द वू फेंगचा. मग धाय मोकलून रडतात आणि ही प्रथा कायमची सोडतात.

धडा म्हणून यात काय नाही? त्याग आहे, रहस्य आहे, कलाटणी आहे, पश्चात्ताप आहे. बी.एड.च्या पाठ-टाचणात 'मूल्य' या रकान्यात काय लिहायचे, याचा विचारच करायला नको. आम्ही मास्तर लोक अशा धड्यांवर जीव टाकतो, कारण वर्ग शांत बसतो. म्हणूनच या कथेकडे नीट पाहायला हवे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या एका चिनी नोंदीत वू फेंगचा मृत्यू आहे, पण पश्चात्ताप नाही. तिथे तो मारला जातो, मग साथ येते, त्याचे भूत दिसते आणि घाबरलेले लोक त्या मुलखात माणसे न मारण्याची शपथ घेतात. पश्चात्तापाच्या जागी भीती आहे. हा फरक किरकोळ नाही. भीतीने बदललेला माणूस शेजारी असू शकतो. पश्चात्तापाने बदललेला माणूस शिष्य होतो. शिष्याला गुरू लागतो आणि गुरू राज्यकर्त्यांकडचा असतो. त्सोउ वडीलधाऱ्यांच्या तोंडची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांच्या आठवणीतला वू फेंग हा व्यवहारात फसवणारा माणूस होता आणि त्याचे मरण हा त्या फसवणुकीचा हिशोब होता. त्सोउ डोकी मारत नव्हते, असा दावा कोणी करत नाही, आम्हीही करणार नाही. प्रश्न एवढाच की, एका जमातीच्या शेकडो वर्षांतून नेमकी हीच एक गोष्ट कोणी उचलली, आणि केव्हा?

जपानी प्रशासक गोतो शिम्पेई यांनी १९०४च्या सुमारास या कथेत रस घेतला. स्मारक झाले, देऊळ सजले आणि १९१०च्या दशकात कथा पाठ्यपुस्तकात गेली. वाचकांनी वरची रेल्वेची सनावळी एकदा पुन्हा पाहावी. रूळ आणि गोष्ट एकाच दशकात डोंगर चढल्या आहेत. आमच्या मते हा योगायोग नव्हे. ज्या रानात करवती न्यायच्या आहेत, तिथल्या माणसांना आधी रानटी ठरवावे लागते, आणि पुढे सुधारलेले ठरवावे लागते, म्हणजे रस्ता सुरक्षितही होतो आणि पुण्याचाही. इंजिनाने जे काम खालून ढकलून केले, तेच काम धड्याने वरून गोड बोलून केले.

१९४५ मध्ये जपानी गेले, चिनी राष्ट्रवादी सरकार आले. झेंडा बदलला, भाषा बदलली, पुस्तके नवी छापली. हा धडा मात्र राहिला! आधीच्या सरकारची प्रत्येक खूण पुसणाऱ्यांना एवढीच गोष्ट ठेवावीशी वाटली, यातच तिची उपयुक्तता कळते. तोडही थांबली नाही. टोकियोतल्या मेइजी मंदिराचे १९७५ साली नव्याने उभारलेले लाकडी प्रवेशद्वार तैवानमधल्याच दीड हजार वर्षांहून जुन्या सायप्रसचे आहे. नैसर्गिक जंगल तोडण्यावर संपूर्ण बंदी यायला १९९१ साल उजाडले.

पुढे या कथेवर चित्रपट निघाला. तैवानमध्ये बनलेला पहिला मँडरिन बोलपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९५० साली तो पडद्यावर आला. दोन दिग्दर्शकांपैकी एक चांग चेह, जे पुढे हाँगकाँगच्या मारधाडीच्या चित्रपटांमुळे गाजले. या चित्रपटातले आलीशानच्या तरुण-तरुणींवरचे गाणे जिथे जिथे चिनी बोलली जाते तिथे तिथे पोचले. चाल खरोखर गोड आहे, हे कबूल करायला हवे. पण गाण्यातली माणसे कशी आहेत? डोंगरासारखी, पाण्यासारखी. त्यांना रूप आहे, बळ आहे. नाव नाही, गाव नाही, कोणाशी भांडण नाही. धड्यात ही माणसे मारेकरी होती, गाण्यात ती देखावा झाली. आमच्या लेखी दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा फारशी बरी नाही. कव्वाली, बिर्याणी आणि अत्तर यांच्यापुरते ज्यांचे कौतुक होते, त्यांना हे लवकर कळेल.

या सगळ्यात खुद्द त्सोउ माणसाने काही लिहिले नाही का? लिहिले. त्याच काळात, त्याच डोंगरात एक शिक्षक होता. उयोंगु याताउयुंगाना हे त्याचे त्सोउ नाव. जपानी राजवटीत तो याता काझुओ झाला, चिनी राजवटीत गाओ यीशेंग. एका आयुष्यात तीन नावे, आणि त्यातली दोन सरकारांनी दिलेली. जन्म १९०८. ताइनानच्या अध्यापक विद्यालयात शिकून तो आपल्या गावी परतला, मुलांना शिकवले, पोलिसाचे काम केले आणि गाणी रचली. युद्धानंतर तो आपल्या तालुक्याचा पहिला प्रमुख झाला. त्या तालुक्याचे नाव होते वूफेंग! ज्या कथेने आपल्या लोकांना खुनी ठरवले, तिच्या नायकाचे नाव रोज कागदाच्या माथ्यावर लिहून हा माणूस कारभार करत होता. डोंगरी जमातींना स्वतःचा कारभार स्वतः पाहता यावा, असा विचार त्याने मांडला. १९५२ मध्ये त्याला अटक झाली आणि १७ एप्रिल १९५४ रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

तुरुंगातून त्याने बायकोला पत्रे लिहिली, तिच्यासाठी गाणेही रचले. पत्रे जपानीत आहेत. यावर नाक मुरडणारे असतील : शेवटी परक्याच्याच भाषेत लिहिले ना! आम्हाला तसे वाटत नाही. ज्या भाषेत माणूस शाळा शिकला, त्या भाषेत तो मन मोकळे करतो. ती भाषा कोणी आणली याचा हिशोब मन ठेवत नाही. घरात एक, शाळेत दुसरी आणि कागदावर तिसरी भाषा वापरणाऱ्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. साहित्य म्हणून पाहिले तर आलीशानविषयीच्या सगळ्या लेखनात आम्ही या पत्रांना आणि गाण्यांना वरचे स्थान देऊ. त्यांत डोंगर देखावा म्हणून येत नाही. तिथे घर आहे, शेत आहे, मुले आहेत, आणि परत जाता येणार नाही याची जाणीव आहे.

जपान्यांनी जंगलात १९३५ साली एक स्तंभ उभारला, तोडलेल्या झाडांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून. त्याच्या पायाशी झाडाच्या खोडातल्यासारखी वर्तुळे कोरली आहेत. प्रवासी त्याचे फोटो काढतात आणि भारावतात. आम्हाला हा स्तंभ पुरा खोटा वाटत नाही. करवत चालवणाऱ्या मजुराला रात्री झोप लागत नसेल, हे शक्य आहे. पण स्तंभ उभा राहिला आणि करवत चालूच राहिली. त्सोउ माणसांसाठी मात्र तेवढेही कोणाला सुचले नाही. तीन हजार वर्षांचा मानला जाणारा तिथला 'पवित्र वृक्ष' १९५०च्या दशकात विजेने जळाला, १९९७ साली निम्मा कोसळला आणि १९९८ मध्ये उरलेला आडवा करण्यात आला. आता तो रुळांशेजारी पडून आहे.

धड्याचे काय झाले? १९८० मध्ये चेन ची-नान या मानववंशशास्त्रज्ञाने वू फेंगची कथा रचलेली आहे, असे वर्तमानपत्रातून स्पष्ट लिहिले. पण लेखांनी पुस्तके बदलत नाहीत. एखादा धडा सुरू होताच सगळा वर्ग मान वळवून एकाच मुलाकडे बघतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या मुलाचे वय किती हे विचारायची गरज नसते. अशी मुले मोठी झाली आणि १९८७ पासून रस्त्यावर आली. ३१ डिसेंबर १९८८ रोजी त्यांनी वू फेंगचा घोड्यावरचा पुतळा दोर लावून खाली ओढला. त्यासाठी काहींनी तुरुंग भोगला. हा पुतळा चियायी रेल्वे स्थानकासमोर होता, जिथून आलीशानची गाडी सुटते. धडा वगळला गेला आणि १ मार्च १९८९ रोजी वूफेंग तालुक्याचे नाव आलीशान झाले.

ऑगस्ट २००९च्या मोराकोट वादळाने ही रेल्वे जागोजागी तोडली. बोगदे ढासळले, वाहून गेलेला मार्ग पुन्हा जोडायला पंधरा वर्षे लागली. ६ जुलै २०२४ पासून गाडी पुन्हा चियायीहून थेट आलीशानपर्यंत जाते. तिकिटासाठी झुंबड असते. वू फेंगचे देऊळही जागेवर आहे, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पायथ्याशी. तिथे अजून उदबत्ती लावली जाते.