पर्ल स्ट्रीटवरचा वाडा

भारतातून आलेल्या पाहुण्यांना न्यूयॉर्क दाखवण्याचा आपला सगळ्यांचा मार्ग ठरलेला असतो. यंदा मी दादांना वाट थोडी वाकडी करून ५४, पर्ल स्ट्रीटवरच्या फ्रॉन्सेस टॅव्हर्नमध्ये नेले. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "यातली जुनी वीट कुठली?"

प्रश्न अडचणीचा होता. १७१९ साली डिलॅन्सी कुटुंबासाठी घर म्हणून उभी राहिलेली ही इमारत पुढे व्यापाराचे कोठार झाली. १७६२ मध्ये सॅम्युअल फ्रॉन्सेसने ती विकत घेऊन खानावळ काढली. ४ डिसेंबर १७८३ रोजी वॉशिंग्टनने इथेच आपल्या लष्करी अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. त्याच वर्षी याच छपराखाली ब्रिटिशांच्या आश्रयाला आलेल्या कृष्णवर्णीयांपैकी कोण मुक्त आणि कोण मालकाचा, याची सुनावणी चाले. (संग्रहालयाने अलीकडे त्यावर प्रदर्शन मांडले, हे श्रेय द्यायलाच हवे.) १७८५ पासून तीन वर्षे नव्या देशाची परराष्ट्र, अर्थ आणि युद्ध खाती इथे भाड्याने होती. नंतर आगी लागल्या, मजले चढले आणि एकोणिसाव्या शतकात वर भाडेकरू, खाली गुत्ता अशी वस्ती झाली.

१९०४ मध्ये 'सन्स ऑफ द रेव्होल्यूशन' या संस्थेने ती घेतली आणि विल्यम मर्सरो या वास्तुविशारदाने १९०७ पर्यंत ती 'पूर्ववत' केली. मूळ नकाशा हाती नव्हता. सोर्स कोड हरवलेला प्रोग्रॅम नुसत्या वागणुकीवरून पुन्हा लिहावा, तसला हा प्रकार. आम्ही इंजिनियर मंडळीही तसे करतो, पण त्याला मूळ आवृत्ती म्हणत नाही. माझी तक्रार अंदाज बांधल्याची नाही. त्या अंदाजापायी जे खरोखर उभे होते ते उतरवले, ही आहे. इमारत वाचली ती मात्र याच माणसांमुळे, हेही नाकारता येत नाही.

दादांना भाडेकरूंचे फार वाईट वाटले. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात सात बिऱ्हाडे होती. "म्हणून तो वाडा राहिला नाही की काय?" ते म्हणाले. १९७५ च्या बॉम्बस्फोटात इथे जेवायला आलेले चौघे गेले, हे सांगितल्यावर ते क्षणभर थांबले.

निघताना त्यांनी मला दारावरच्या बाईंना विचारायला लावले, की भाडेकरूंच्या खोल्या कुठे होत्या. बाईंनी छताकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "त्याच्याही वर."