भरवसा आणि भाकर : साक्षकथनाच्या दोन रीती

ईश्वर आपल्या भक्ताचा योगक्षेम वाहतो ही श्रद्धा मराठी वाचकाला अपरिचित नाही. गीतेच्या नवव्या अध्यायाने तिला सूत्ररूप दिले आणि संतचरित्रांनी तिला घरगुती रूप दिले. जनाबाईसोबत दळण दळणारा विठ्ठल आणि एकनाथांच्या घरी कावडीने पाणी भरणारा श्रीखंड्या ही त्याचीच उदाहरणे होत. ख्रिस्ती परंपरेत या श्रद्धेचा एक प्रमुख आधार डोंगरावरील प्रवचन हा आहे. पेरणी-कापणी न करणारी पाखरे आणि सूत न कातणारी रानफुले यांचा दाखला देऊन येशू तेथे उद्याची चिंता वर्ज्य ठरवतो. श्रद्धेचे विधान म्हणून हे स्पष्ट आहे. मात्र एखादी व्यक्ती स्वतःच्या आयुष्याच्या बळावर हे विधान खरे ठरवू पाहते, म्हणजेच साक्ष देते, तेव्हा त्याचे रूपांतर कथनात होते आणि कथन म्हणून त्याच्यापुढे काही अडचणी उभ्या राहतात. पंडिता रमाबाईंचे १९०७ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मनिवेदन आणि लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ यांच्या आधारे या अडचणींचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

साक्षकथनाचा प्रचलित आकृतिबंध तीन घटकांचा असतो : उणीव, प्रार्थना आणि पूर्ती. घरात धान्य नाही, प्रार्थना केली, अनपेक्षितपणे कोणी धान्य आणून दिले. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट जगात हा आकृतिबंध रूढ करण्यात ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर यांचा वाटा मोठा होता. १८३६ साली त्यांनी अनाथगृह सुरू केले. कोणापुढे हात पसरायचा नाही, कर्ज काढायचे नाही आणि गरज केवळ प्रार्थनेत मांडायची, असा त्यांचा नेम होता. या नेमाचा अनुभव त्यांनी वेळोवेळी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. येथे एक पेच लक्षात घ्यावा लागतो. ज्या गरजा माणसांना सांगायच्या नाहीत, त्या पुऱ्या झाल्याची हकिगत मात्र छापून माणसांनाच सांगितली जाते आणि ती वाचून पुढील देणग्या येऊ शकतात. यात दांभिकता होती असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु साक्ष ही केवळ घडलेल्या गोष्टीची नोंद नसून पुढील घटनाक्रमाला गती देणारी कृतीही असते, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरा पेच अधिक मूलगामी आहे. ईश्वरी तरतूद ही नेहमी मागे वळूनच ओळखता येते. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम मोरिया प्रदेशातील डोंगरावर मुलाचा बळी देण्यास सिद्ध होतो आणि अखेरच्या क्षणी झुडपात अडकलेला मेंढा त्याला दिसतो. परमेश्वर पाहून घेईल अशा आशयाचे नाव तो त्या स्थळाला देतो, ते मेंढा सापडल्यानंतर. चढण चढत असताना त्या जागेला नाव नव्हते. साक्ष देणारा निवेदक असा डोंगर उतरून आलेला असतो, म्हणूनच त्याला कथा सांगता येते. जे चढणीवरच राहिले, ज्यांच्यासाठी मेंढा सापडला नाही, त्यांची साक्ष उपलब्ध नसते. सर्व साक्षवाङ्मय हे अशा रीतीने वाचलेल्यांचे वाङ्मय आहे. त्यामुळे एखादी साक्ष प्रामाणिक आहे की नाही, हे ठरवताना ती न वाचलेल्यांना आपल्या कथनात कोणती जागा देते, हा निकष महत्त्वाचा ठरतो.

या निकषावर रमाबाईंचे निवेदन विलक्षण ठरते. त्यांच्या कथनाचा पूर्वार्ध म्हणजे न वाचलेल्यांची कथा आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर जगत होते. दुष्काळात जवळचे सर्व संपले. वडील, आई आणि थोरली बहीण अल्प अंतराने मृत्यू पावली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत राहिली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून त्यांनी अंग पुरून घेतले, हा रमाबाईंनी सांगितलेला प्रसंग मराठी माणसाच्या आत्मकथनातील अत्यंत निर्वाणीच्या प्रसंगांपैकी एक आहे.

या पूर्वार्धाचा कथनातील हेतू उघड आहे. ज्या देवतांवर कुटुंबाने भरवसा ठेवला त्या पावल्या नाहीत आणि पुढे ख्रिस्तावर ठेवलेला भरवसा मात्र फळला, असा विरोध उभा करावयाचा आहे. तथापि रमाबाईंच्या लेखणीची सचोटी अशी की, हा विरोध त्यांच्या संहितेत सरळपणे टिकत नाही. आईवडिलांची निष्ठा ढोंगी होती असे त्या कोठेही सूचित करत नाहीत. उलट तिची तीव्रता त्या इतक्या आपुलकीने रंगवतात की, पूर्वार्धातील भरवसा आणि उत्तरार्धातील भरवसा यांची घडण एकच आहे असे वाचकाला जाणवत राहते. मग एक विफल का झाला आणि दुसरा सफल का झाला? निवेदिकेचे धर्मशास्त्रीय उत्तर भरवशाच्या विषयात, म्हणजे ईश्वराच्या खरेपणात आहे. संहिता मात्र याशिवाय आणखी एक उत्तर हळूच पुढे ठेवते, ते म्हणजे श्रम. शास्त्र्याच्या घराला अंगमेहनत करणे जातीच्या प्रतिष्ठेमुळे अशक्य वाटत होते. सर्व आशा संपल्यावर जलसमाधी घेण्याच्या विचारापर्यंत आलेल्या वडिलांसमोर भाऊ मोलमजुरीची तयारी दाखवतो, तेथे या कथनाचे खरे वळण आहे. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून आणलेल्या मुली व स्त्रिया यांच्यासाठी जी तरतूद होते, ती शेती, विणकाम, स्वयंपाकघर आणि छापखाना यांतून होते. प्रार्थना आणि पूर्ती यांच्या मध्ये शेकडो हात आहेत. म्यूलर यांचे लेखन रमाबाईंनी वाचले होते आणि त्याचा प्रभावही त्यांनी मान्य केला होता. पण म्यूलर यांच्या आकृतिबंधात त्यांनी टाकलेली ही भर समीक्षेने पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

रमाबाईंचे निवेदन इंग्रजीत आहे, ही गोष्टही दुय्यम नाही. त्याचा वाचक मुख्यतः दूरदेशीचा सहधर्मी आहे आणि त्याची श्रद्धा दृढ करणे हे त्याचे प्रकट प्रयोजन आहे. प्रत्येक प्रसंग त्यामुळे निष्कर्षाकडे वळतो. ‘स्मृतिचित्रे’चा वाचक वेगळा आहे. तो मराठी आहे, बहुधा ख्रिस्ती नाही, आणि निवेदिकेच्या धर्मांतराविषयी त्याच्या मनात अढी असण्याचा संभव आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंनी काही वर्षे ताटातूट भोगली. एकत्र आल्यावरही आरंभी त्यांनी सोवळे आणि वेगळा स्वयंपाक सांभाळला. जातिभेद मनातून गेला तो बाप्तिस्म्याच्या आधी, आणि १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. या वाचकासमोर निष्कर्ष मांडून चालणार नव्हते. त्याला घरात घ्यावयाचे, चुलीजवळ बसवावयाचे आणि जे घडले ते सांगावयाचे, एवढेच शक्य होते.

या घरातील भरवशाची रचना पाहण्यासारखी आहे. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले गेलेले टिळक जणू त्या रानफुलांचाच दाखला स्वतःला लावून घेऊन जगले. नोकऱ्या सोडणे, जवळचे देऊन टाकणे, निराधारांना घरी आणणे आणि उद्याची फिकीर न करणे हा त्यांचा स्वभावच होता. ख्रिस्ती श्रद्धेने त्याला अर्थ दिला. १९१७ साली तर त्यांनी मिशनचे वेतन सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ मांडला. हे सारे टिळकांनी स्वतः लिहिले असते तर उणीव, प्रार्थना, पूर्ती हा आकृतिबंध निर्दोष जुळून आला असता. ते लक्ष्मीबाईंनी लिहिले, त्यामुळे त्याच्या मध्यभागी एक माणूस आले. टिळकांनी देवावर टाकलेला भार प्रत्यक्षात कोणाच्या पदरात पडत असे, हे पानोपानी दिसते. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत ईश्वराकडे रोजची ‘भाकर’ मागितली जाते. भाषांतरकारांनी निवडलेला हा शब्द मार्मिक आहे. इस्राएली लोकांसाठी अरण्यात मान्ना आकाशातून पडला. भाकर मात्र कोणीतरी थापावी लागते.

या विसंगतीतून ‘स्मृतिचित्रे’तील विनोद जन्मतो. या विनोदाची वाखाणणी मराठी समीक्षेने आरंभापासून केली. परंतु त्याची आणि श्रद्धेची सांगड क्वचितच घातली. वाङ्मयीन रसिकाने विनोद, निरागसता आणि बोलीचा ठसका घेतला व ख्रिस्ती आशय चरित्राचा तपशील म्हणून बाजूला ठेवला. भाविक वाचकाने श्रद्धेचा दाखला घेतला आणि विनोद करमणूक मानला. वस्तुतः येथे विनोद हेच श्रद्धेचे कथनरूप आहे. निष्कर्ष सांगणारी साक्ष अनुभवाला बंद करते. विनोद त्याच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवतो : टिळकांचा भरवसा वेडा होता आणि टिळकांचा भरवसा खरा होता. घर चालले, हे खरे. ते कसे चालले, हेही खरे. पूर्तीचे श्रेय ईश्वराला देताना लक्ष्मीबाई खर्चाची बाजू पुसून टाकत नाहीत. स्वतःचा त्रागा, भांडणे, हट्ट आणि भीती यांचीही नोंद त्या त्याच वहीत करतात.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. स्त्रीवादी दृष्टीने पाहता हा विनोद म्हणजे दबलेला संतापच नव्हे काय? नवऱ्याच्या लहरीला श्रद्धेचे नाव देऊन पत्नीने ती हसत सोसली आणि वाचकांनी तिच्या सोसण्याचे कौतुक केले, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्याची गरज नाही. मात्र तो संहितेबाहेरून लावावा लागत नाही, तो संहितेनेच आपल्या हाती दिलेला आहे. सोसण्याचा हिशेब जर गाळला असता, तर आपल्याला तो मांडताच आला नसता. शिवाय लक्ष्मीबाईंचा भरवसा पतीच्या भरवशाची सावली नव्हता, याची कसोटी १९१९ साली टिळकांच्या मृत्यूनंतर लागली. त्यानंतरची सुमारे सतरा वर्षे पोटापाण्याची विवंचना त्यांना स्वतःच्या बळावर निभवावी लागली. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ बव्हंशी त्यांनी लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ त्यांच्या हातून पुरी झाली नाहीत. १९३६ साली त्यांचे निधन झाले. या अपुरेपणात योजना नाही, तरीही साक्षकथनाला लागणारा समारोप या ग्रंथाला लाभला नाही, ही गोष्ट त्याच्या प्रकृतीशी विसंगत वाटत नाही.

आता या प्रश्नाच्या सामाजिक बाजूकडे वळले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत महाराष्ट्रात, विशेषतः अहमदनगरच्या परिसरात, जे ख्रिस्ती झाले त्यांच्यावर पोटासाठी बाटल्याचा आरोप झाला. या वातावरणात ‘देवाने मला अन्न दिले’ हे साधे वाक्यही निष्पाप राहत नाही. वाक्य उच्चारताच ‘कोणत्या मिशनच्या कोठारातून?’ असा प्रतिप्रश्न येतो. रमाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघींना या प्रश्नाला तोंड देणे तुलनेने सोपे होते, कारण ख्रिस्ती होताना त्यांनी काय गमावले हे समाजाला दिसत होते. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखी प्रतिष्ठाच नव्हती, त्या दलित ख्रिस्ती कुटुंबांची आणि मुक्ती सदनातील दुष्काळग्रस्त मुलींची साक्ष मराठी वाङ्मयात अत्यल्प उतरली. भुकेल्या माणसाने अन्नात ईश्वर पाहिला तर त्याची श्रद्धा हलकी, आणि पोटभर जेवलेल्याने पुस्तकात पाहिला तर ती भारी, ही मोजणी बायबलच्या कोणत्याही पानावर आधारता येत नाही. ती आपल्या वर्णव्यवस्थेची मोजणी आहे आणि वाङ्मयसमीक्षेनेही ती नकळत स्वीकारलेली आहे.

ईयोबाच्या पुस्तकाचा निर्देश येथे अपरिहार्य ठरतो. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाला कारण पुरवतात : काहीतरी चुकले असले पाहिजे, श्रद्धा उणी पडली असली पाहिजे. पुस्तकाच्या अखेरीस ईश्वर या मित्रांवर कोपतो, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही. उणीव, प्रार्थना आणि पूर्ती हा आकृतिबंध जेव्हा नियम बनतो, तेव्हा त्याच्या दुसऱ्या बाजूला हे मित्र उभे असतात. ज्याच्या घरी पूर्ती आली नाही, त्याच्या प्रार्थनेतच खोट होती, असा निष्कर्ष तो नियम गुपचूप काढतो. उपाशी माणसाला तो दोषीही ठरवतो. साक्षवाङ्मयाच्या समीक्षेपुढील नैतिक प्रश्न हा आहे आणि तो केवळ भाविकांचा नाही.

रमाबाईंनी आईवडिलांची निष्ठा हिणवली नाही. लक्ष्मीबाईंनी भाकर थापणारे हात लपवले नाहीत. एकीने पूर्तीच्या कथेत न वाचलेल्यांना जागा दिली आणि दुसरीने पूर्तीची किंमत लिहून ठेवली. दोघींचे मार्ग भिन्न असले तरी संकटातील श्रद्धेचे कथन त्यांनी नियम होऊ दिले नाही. मराठी ख्रिस्ती गद्याचा अभ्यास धर्मप्रसाराचा इतिहास किंवा आत्मचरित्राचा एक उपप्रकार एवढ्यापुरता मर्यादित ठेवला, तर ही कामगिरी दृष्टीआड होते. चर्चच्या स्थानिक नोंदी, जुनी ख्रिस्ती नियतकालिके आणि अहमदनगर परिसरातील मौखिक साक्षी यांचे वाचन याच निकषांनी झाल्यास, आज आपल्याला दोनच वाटणाऱ्या या रीतींच्या शेजारी आणखी काही रीती आढळण्याची शक्यता आहे. तो शोध घेणे हे यापुढील अभ्यासकांचे काम आहे.