दप्तराचें दान

सावनेरच्या बाजूस जुन्या मालगुजारांचे कांहीं वाडे अद्याप उभे आहेत. त्यांपैकीं एका वाड्याच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल पडून आहेत. त्यांचें काय करावें, असा प्रश्न त्या घरच्या वडील गृहस्थांनीं आम्हांस मध्यंतरीं विचारला. १९५१ सालीं मालगुजारी नाहींशी होईपर्यंत या कागदांस कचेरींत किंमत होती. हद्दीचा तंटा निघाला कीं रुमाल खालीं उतरे. पुढें तो उतरण्याचें कारण उरलें नाहीं, आणि आतां वाळवी व कसर यांखेरीज तिकडे कोणी फिरकत नाहीं. आम्ही सहज बोलून गेलों कीं, एखाद्या संस्थेस देऊन टाका. त्यावर ते हंसले आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आमच्या वडिलांनीं एकदां दिले होते. पोतेंभर. पावती मिळाली नाहीं. दहा वर्षांनीं चौकशी केली, तर असे कागद आलेच नव्हते म्हणाले." त्या संस्थेचें नांव आम्हांस ठाऊक आहे, परंतु तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

दप्तर शोधण्याच्या विद्येचा गौरव महाराष्ट्रानें पुष्कळ केला. राजवाड्यांची पायपीट आणि १८९८ पासून निघालेले त्यांचे साधनांचे बावीस खंड हा आमच्या अभिमानाचा विषय आहे व तसा तो असावाही. पण दप्तर *घेण्याची* एक वेगळी विद्या आहे, आणि तिच्याकडे आमचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. शोधणाऱ्याचा संबंध कागदाशीं असतो. घेणाऱ्याचा संबंध कागद देणाऱ्याशींही असतो. ही दुसरी विद्या पाहावयाची तर कॅथॉलिक पंथाच्या विद्यासंस्थांकडे पाहणें बोधप्रद आहे. महाराष्ट्रांत कायद्यानें ज्यास कॅथॉलिक विद्यापीठ म्हणतां येईल अशी संस्था नाहीं. तथापि मुंबईचें १८६९ सालचें सेंट झेवियर कॉलेज आणि गोव्यांत पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्र, या जेझुइट संघाच्या दोन ठिकाणीं तेंच काम चालत आलें आहे.

ह्या संघाच्या ग्रंथसंग्रहांत पहिलीं मराठी पुस्तकें कशीं आलीं, तें स्मरणांत ठेवण्याजोगें आहे. १५५९ च्या सुमारास एका नवख्रिस्ती तरुणानें पोर्तुगीज विसुरईची परवानगी काढली आणि कांहीं सोबती घेऊन तो खाडीपलीकडे गेला. तेथें एका विद्वान ब्राह्मणानें जमविलेल्या पुराणग्रंथांच्या पोथ्या त्याच्या घरांत शिरून त्यानें उचलून आणल्या, व त्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजांत आल्या. ही हकीकत विरोधकांनीं रचलेली नाहीं; ती त्या संघाच्या तत्कालीन पत्रांतच आहे, आणि आनंदानें लिहिलेली आहे. पोथ्यांचा उपयोग काय, तर त्या वाचून हिंदूंशीं वाद घालावा. त्याच शतकांत मराठी व कोंकणी कथा मिशनऱ्यांच्या सोयीसाठीं रोमन लिपींत उतरवून घेण्यांत आल्या. त्या वह्या आज पोर्तुगालांतील ब्रागा शहराच्या ग्रंथालयांत आहेत, आणि कृष्णदास शामाच्या १५२६ सालच्या कृष्णकथेसाठीं मराठी अभ्यासकास तिकडे जावें लागतें. घरफोडीनें का होईना, पण पुस्तकें वांचलीं, असें म्हणणारे पंडित आम्हांस भेटले आहेत. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. ज्या ब्राह्मणाच्या पोथ्या गेल्या त्याचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं, एवढ्यावरूनच त्या संग्रहाचें मोल ठरतें.

काळानें त्यांच्यावरही तोच प्रसंग आणिला. फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. चर्चच्या छापखान्यांत छापलेला ग्रंथ चर्चला सांभाळतां आला नाहीं. तो मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें नकलून सांभाळला, आणि त्या हस्तलिखितांवरून साल्डाना यांनीं १९०७ मध्यें तो रोमन लिपींत छापला. देवनागरी प्रत सांपडली ती तर लंडनमध्यें. विल्यम मार्सडेन या इंग्रजानें आपला ग्रंथसंग्रह १८३५ सालीं किंग्ज कॉलेजास दिला होता; तो पुढें प्राच्यविद्येच्या शाळेकडे गेला, आणि त्यांत ही प्रत असल्याचें जस्टिन ॲबट यांनीं १९२३ मध्यें जाहीर केलें. ॲबट हे मराठी संतकवींचे भाषांतरकार, आणि पंथानें प्रॉटेस्टंट ! संग्रह देतांना मार्सडेन यास या पोथीचें महत्त्व कळलें होतें असें दिसत नाहीं. पण त्यानें संग्रह अखंड दिला, आणि घेणाऱ्यांनीं तो अखंड ठेविला. म्हणून अठ्ठ्याऐंशीं वर्षांनीं पोथी जागेवर होती.

मुंबईस फादर हेरास १९२२ मध्यें आले व १९२६ मध्यें त्यांनीं सेंट झेवियर कॉलेजांत इतिहास संशोधनाची संस्था काढली. नाणीं, मूर्ति, पोथ्या, चित्रें असें बहुविध त्यांनीं जमविलें. सिंधु संस्कृतीच्या लिपीविषयींचे त्यांचे सिद्धांत पुढें टिकले नाहींत. संग्रह टिकला, १९५५ मध्यें त्यांचें निधन झाल्यावर संस्थेस त्यांचें नांव मिळालें. ज्यास बायकोमुलें नाहींत आणि ज्याची मिळकत संघाची, अशा माणसाच्या मागें कागदांची वांटणी होत नाहीं, हा संन्यस्त संस्थांचा एक मोठाच फायदा आहे. आमच्याकडे संशोधक वारला कीं त्याचीं टिपणें तीन मुलांत व एका रद्दीवाल्यांत विभागलीं जातात.

परंतु आमच्या मतें या सर्व कथेंतील अधिक मोलाचें उदाहरण पर्वरीचें आहे. पणजीस जुन्या सचिवालयाजवळ म्हामाय कामत यांचें घर आहे. हें सारस्वत घराणें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धांत व्यापारी आणि दलाल म्हणून नांवाजलेलें होतें. फ्रेंचांची अडत त्यांच्याकडे, तंबाखूचा मक्ता त्यांच्याकडे. अफूच्या आणि गुलामांच्याही व्यापाराच्या खुणा त्यांच्या दप्तरांत आहेत. पत्रें पोर्तुगीज व फ्रेंच भाषांत, तर घरगुती हिशेब आपल्या लिपींत. हें दप्तर १९७९ मध्यें कामास लागलेल्या या जेझुइट केंद्राकडे आलें, आणि केंद्राचे पहिले संचालक तेओतोनियो डिसोझा यांनीं तें अभ्यासकांपुढें मांडलें. तोंवर गोव्याचा इतिहास बहुतांशी लिस्बनच्या चष्म्यांतून लिहिला जात असे. हिंदु सावकाराच्या वह्यांतून तो उलट बाजूनें दिसूं लागला. सेल्सा पिंटो यांचा पोर्तुगीज हिंदुस्थानांतील व्यापारावरील १९९४ चा ग्रंथ या वह्यांवर बराच अवलंबून आहे.

येथें थोडें थांबलें पाहिजे. ज्या संघाच्या माणसांनीं एका ब्राह्मणाच्या घरांत शिरून आणलेल्या पोथ्या एकदां स्वीकारल्या, त्याच संघाच्या हातीं सव्वाचारशें वर्षांनीं एका सारस्वत घराण्याचे कागद संमतीनें आले. दोन्ही वेळां कागद जेझुइटांच्या कपाटांतच गेले. मधल्या काळांत बदलली ती घेण्याची रीत. दुसऱ्या वेळीं देणाऱ्याचें नांव संग्रहास मिळालें. आज अभ्यासक तळटीपेंत त्या घराचें नांव लिहितो, केंद्राचें नंतर. चित्रकार आंजेलो द फोन्सेक यांचेंही असेंच आहे. शांतिनिकेतनांत शिकून आलेल्या या गोंयकारानें साडी नेसलेली मरिया काढली. ती गोव्यांतील धर्ममंडळींस रुचली नाहीं, व त्यांनीं पुण्यास राहून १९६७ पर्यंत काम केलें. त्यांच्या पत्नीनें जपून ठेविलेलीं चित्रें पुढें याच केंद्रास दिलीं. नाकारलेली वस्तु स्वीकारण्यास संस्थेच्या अंगीं मोठेपणा लागतो. तसा तो देणाऱ्या विधवेच्या अंगींही लागतो, हें मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं.

आतां रीतीविषयीं. सुव्यवस्थित दप्तरखाना दारीं आलेलें पोतें लगेच आंत घेत नाहीं. देणारा खरा मालक आहे काय, भावाबहिणींची संमति आहे काय, हें आधीं पाहतो. मग आपल्या धोरणांत हा विषय बसतो काय, याचा विचार करतो, आणि बसत नसेल तर दुसऱ्या योग्य संस्थेचें नांव सुचवितो. हा नकार पुष्कळांस अपमान वाटतो. आम्हांस ती प्रामाणिकपणाची पहिली खूण वाटते, कारण जी संस्था सर्वच घेते ती कांहींच सांभाळीत नाहीं. घेण्याचें ठरलें म्हणजे दानपत्र होतें. मालकी गेली कीं केवळ ठेव ठेविली, छापण्याचा हक्क कोणाचा, कोणते कागद किती वर्षें मिटून ठेवावयाचे, निरुपयोगी निघाल्यास परत द्यावयाचे कीं नाहीं, हें सारें त्यांत लिहिलेलें असतें. कागद प्रथम वेगळ्या खोलींत ठेवितात, म्हणजे त्यांतील कीड इतरांस लागत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे मूळचा क्रम मोडीत नाहींत. रुमालांत कोणतें पत्र कोणत्या पत्राशेजारीं होतें, हाही एक पुरावा असतो. आमच्याकडील संशोधकांनीं "महत्त्वाचीं" पत्रें निवडून काढलीं आणि उरलेलीं परत बांधलीं. त्यांच्या निवडीनें आम्हांस लढाया दिल्या आणि बाजारभाव गमावले.

विकत घेणें हा आणखी एक मार्ग आहे. अमेरिकेंतील मार्केट या जेझुइट विद्यापीठानें टोल्किन या इंग्रज लेखकाच्या कादंबऱ्यांचीं हस्तलिखितें १९५७ मध्यें दीड हजार पौंडांस घेतलीं. ऑक्सफर्डचा प्राध्यापक आणि त्याचे कागद मिलवॉकीस! त्याच देशांतील नोत्र दाम येथें एडवर्ड्स नांवाच्या ग्रंथपालानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिशपांच्या घरीं धूळ खात पडलेलीं पत्रें मागून मागून आणिलीं. तो कॅथॉलिकांचा राजवाडेच म्हणावयाचा, फक्त स्वभावानें मवाळ असावा.

यावर एक आक्षेप येईल, व तो हलका नाहीं. धर्मसंस्थेच्या हातीं दिलेलें दप्तर तिला गैरसोयीचें निघालें तर काय ? कॅथॉलिक धर्मकायद्याच्या १९८३ च्या संहितेंतील ४८९ वें कलम असें सांगतें कीं, बिशपच्या गुप्त दप्तरांतील नीतिविषयक गुन्ह्यांचे कागद, आरोपी मेल्यावर किंवा निकालास दहा वर्षें झाल्यावर नष्ट करावेत. थोडक्यांत हकीकत आणि निकाल तेवढा ठेवावा. इतिहासाच्या अभ्यासकास हें वाचून अस्वस्थ वाटणें साहजिक आहे. हा नियम कॉलेजच्या संग्रहास लागू नाहीं, हें खरें. पण दोन्ही किल्ल्या अखेर एकाच पंथाच्या कमरेस असतात, हेंही खरें. व्हॅटिकनचें दप्तर तेराव्या लिओनें अभ्यासकांस उघडलें तें १८८१ मध्यें. बाराव्या पायसच्या कारकीर्दीचे कागद त्याच्या मृत्यूनंतर एकसष्ट वर्षांनीं, २०२० च्या मार्चमध्यें उघडले. उशीर झाला खरा, पण कागद उघडले, आणि ते मोजून व नोंदून ठेविलेले होते. आमच्याकडे महानुभावांच्या मठांनीं पोथ्या सांकेतिक लिपींत शतकानुशतकें झांकून ठेविल्या, म्हणूनच लीळाचरित्र वांचलें, हें विसरतां कामा नये. झांकणें व जाळणें यांत अंतर आहे. मात्र किती दिवस झांकावयाचें तें दानपत्रांत आंकड्यानें लिहून घ्यावें. "योग्य वेळ येईपर्यंत" या शब्दांवर विसंबूं नये, मग घेणारी संस्था चर्चची असो, मठाची असो वा सरकारची.

हें सर्व आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. गोव्याची व मुंबईची संस्था आपल्या कामाची नाहीं, कागद नागपूर प्रांताचे आहेत तेव्हां ते नागपुराबाहेर जाऊं नयेत, हा त्यांचा पहिला निर्णय. तो आम्हांस अगदीं बरोबर वाटला. दुसरें, दानपत्र मराठींत हवें, कारण त्यांच्या वडील बहिणीची सही लागेल व तिला इंग्रजी येत नाहीं. तिसरें सांगतांना ते जरा अडखळले. एका रुमालांत त्यांच्या आजोबांनीं सख्ख्या भावाविरुद्ध केलेल्या दाव्याचे कागद आहेत. त्या भावाचे नातू अजून गांवांत राहतात, दिवाळीस घरीं येतात. तो रुमाल काढून जाळावा कीं द्यावा, हें त्यांस ठरवितां येईना. तीस वर्षें बंद ठेवण्याच्या अटीवर द्यावा, असें आम्हीं सुचविलें. त्यांनीं बोटांवर वर्षें मोजलीं आणि चाळीस लिहावयास सांगितलें.

मग त्यांनीं विचारलें, "देण्यापूर्वीं रुमालांच्या गांठी सोडून कागद नीट लावून ठेवूं का ?" आम्हीं सांगितलें, गांठी तशाच राहूं द्याव्या.