साचा आणि सामान्यरूप

संगणकावरील जालपृष्ठ आज बहुधा सबंध हाताने लिहिले जात नाही. शीर्षक कोठे, चौकट कोठे, दुवा कोठे हे सांगणाऱ्या खुणा आणि काही ठरीव वाक्ये एकदाच लिहून ठेवतात, मधल्या जागा रिकाम्या सोडतात, व त्या यंत्राकडून भरून घेतात. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर या योजनेस ‘साचा’ म्हणतात. शब्द चपखल आहे. साच्यातून खुणा निर्दोष उतरतात. वाक्यांविषयी मात्र तसे म्हणवत नाही.

शहागड हे गोदाकाठचे गाव घ्यावे. रिकाम्या जागेत हे नाव बसवून पुढे ‘चा’ जोडला की ‘शहागडचा’ सिद्ध होते. जालना जिल्ह्यातील आठ तालुक्यांची नावे याच रीतीने लावून पाहिली, तर अंबड, घनसावंगी, परतूर, बदनापूर, भोकरदन आणि जाफराबाद सुखरूप पार पडतात. ‘जालनाचा’ व ‘मंठाचा’ मात्र कानाला टोचतात. तेथे सामान्यरूप हवे: जालन्याचा, मंठ्याचा.

यावरची रूढ पळवाट म्हणजे नावापुढे ‘जिल्हा’ किंवा ‘तालुका’ जोडून विकार त्या शब्दावर ढकलणे. ‘जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातील एक गाव’ ही रचना शुद्धच आहे, आणि एकदा वाचताना खटकतही नाही. परंतु गावामागून गाव त्याच वाक्यात उभे राहिले म्हणजे विशेषनामाला विभक्ती लागूच नये, असा विपरीत संस्कार वाचकावर होतो. हा दोष गौण मानता येत नाही. यंत्राच्या सोयीसाठी येथे भाषेचे एक अंगच दडविले जाते.

आकारान्त नावांसाठी साच्यात नियम घालावा, असे कोणी सुचवील. तशी सोय आहे. सशर्त रचना करता येते, आणि २०१३ पासून लुआ या भाषेतील आज्ञावलीही जोडता येते. तथापि अंत्याक्षर पाहून निर्णय होत नाही. वर्धा हे शहर असेल तर ‘वर्ध्याचा’, नदी असेल तर ‘वर्धेचा’. अक्षरे तीच, लिंग निराळे. (मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या व्याकरणाचा अभ्यासक याने चकित होणार नाही.) विकिपीडियामागील मीडियाविकी प्रणालीत फिनिश, रशियन यांसारख्या भाषांसाठी विभक्तिरूपांची काही सोय केलेली आहे, म्हणजे प्रश्न एकट्या मराठीचा नव्हे. आपल्यापुरता उपाय साधा दिसतो: माहितीच्या तक्त्यात नावाशेजारी सामान्यरूपाचा स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि तो माणसाने भरावा. शहागडसाठी तो रिकामा राहिला तरी चालेल. वर्ध्यासाठी नोंदीच दोन कराव्या लागतील.