आज्ञावलीचे सामर्थ्य आणि मर्यादा : एक चिकित्सा

संगणक-व्यवस्थापकाची वारंवार करावी लागणारी कामे आज्ञावलीकडे सोपविण्याचा विचार जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ च्या ‘मोनाड मॅनिफेस्टो’त मांडला, त्यातून २००६ मध्ये पॉवरशेल साकारले. शेकडो संगणकांवर एकाच आज्ञेने सॉफ्टवेअर बसविता येणे, हे या विचाराचे निर्विवाद यश होय. मात्र चूकही तितक्याच वेगाने पसरते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनामुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. अद्यतन ७८ मिनिटांत मागे घेतले गेले. तरी अनेक संगणक एकेक करून हातानेच दुरुस्त करावे लागले. भातसा धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. हाच विवेक आज्ञावलीतही हवा : आधी मोजक्या संगणकांवर चाचणी, मगच विस्तार. अन्यथा स्वयंचलन ही केवळ घाई ठरते.